पिल्लू कोणाच्या कडेवर

हडपसर, पुणे
१२ जानेवारी २०२५

सौ. सुहासिनी आगाशे यांस,

सप्रेम जयभीम. आपल्याला तो नमस्कार म्हणून घ्यायचा असेल तर तसा घ्या, मला चालेल.

मी शालन ओव्हाळ. सौरभची आई, म्हणजे आपल्या तनयाची सासू, म्हणजे आपली विहीण. तीन वर्षांत आपली गाठ पडलेली नाही, त्यामुळे ओळख करून द्यावी लागते आहे. लग्नाला आपण आणि श्रीनिवासराव आला नाहीत. नात झाली तेव्हा मी फोन केला, तर नाव ऐकून फोन ठेवला गेला. पुन्हा केला, पुन्हा तेच. म्हणून आता पत्र. तेही बाजूला ठेवता येतं, पण त्याआधी निदान उघडावं तरी लागतं.

भांडायला लिहीत नाही. कामाचं लिहिते. सरकारी रुग्णालयात नर्स म्हणून लागले आणि मेट्रन म्हणून निवृत्त झाले. मला कामाचंच बोलता येतं.

काम असं. माझे दोन्ही गुडघे संपले आहेत. डॉक्टर म्हणतात बदलायला हवेत, आणि बदलल्यावर दीड-दोन महिने मूल उचलायचं नाही. पूर्वा सहा महिन्यांची आहे. सौरभची कंपनी जवळच आहे, पण तो सकाळी जातो तो अंधार पडल्यावरच येतो. तनया उजाडता उजाडता स्कूटर काढते आणि खडकवासल्याच्या पुढे डोंगरात जाते, तिच्या वानरांकडे. दिवसभर पूर्वा माझ्याजवळ. जवळचं पाळणाघर वर्षाच्या आतलं मूल घेत नाही. मी दवाखान्यात गेले की पूर्वा कोणाकडे?

तनयाने याचं उत्तर काढून ठेवलं आहे. ती काम सोडणार. वानरांची पिल्लं याच दिवसांत जन्मतात, हा मोसम हुकला की पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागतं, आणि तिच्या फेलोशिपची मुदत त्याआधीच संपते. म्हणजे सोडलं की सुटलंच. म्हणून मी तिला सांगितलं की डॉक्टरांनीच थोडं थांबायला सांगितलंय. खोटं सांगितलं. एका हाताने भिंत आणि दुसऱ्या हाताने पोर धरून घरात फिरते आहे.

तिच्या कामाबद्दल थोडं लिहिते, कारण आपण ते तिच्या तोंडून ऐकलं नसणार. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरं. त्यांच्यात पिल्लू झालं की पहिल्याच दिवशी बाकीच्या माद्या जवळ येऊन बसतात, आणि आई पिल्लू चक्क देऊन टाकते. ही घेते, ती घेते. पोरसवदा माद्यांना नीट धरता येत नाही, त्या उलटंसुलटं धरतात, पिल्लू किंचाळतं, मग कोणीतरी जाणती येऊन काढून घेते. आई तोवर निवांत पाला खाते. लाल तोंडाच्या माकडांचं असं नाही. तिथे आई पिल्लू पोटाशी गच्च धरून बसते, दुसरीला बोट लावू देत नाही, पिल्लू जरा लांब गेलं की शेपूट धरून मागे ओढते. तनया दिवसभर बसून हेच टिपते, पिल्लू कोणाच्या कडेवर किती वेळ होतं.

मी तिला विचारलं, माणसं यातली कुठली? ती म्हणाली, "आई, आपण तर वानरांच्याही पुढे आहोत. माणसाचं बाळ एकट्या आईला वाढवताच येत नाही, पॉसिबलच नाही. म्हणून तर आजी असते. पाळी गेल्यावर इतकी वर्षं जगणारी मादी त्यांच्यात क्वचित दिसते. आपल्यात घरोघरी. निसर्गाने तुम्हाला कशाला ठेवलंय माहितीये? बाळ धरायला."

मी म्हटलं, बरं झालं सांगितलंस, मला वाटत होतं पेन्शन घ्यायला.

आपण जीवशास्त्राच्या बाई. हे खरं आहे की ती सासूची समजूत काढते आहे, ते आपल्यालाच ठाऊक. पण खरं असेल तर पूर्वासाठी निसर्गाने दोन ठेवल्या आहेत. एकीचे गुडघे गेले. दुसऱ्या आपण. तेवढे दिवस आमच्याकडे या.

आणखी एक लिहिते आणि थांबते. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, आपल्याकडेही आणि आमच्याकडेही. तनयाचं ते इथे झालं. माझी तक्रार नाही, मला उलट आनंद झाला. पण कळा येत होत्या तेव्हा ती "आई, आई" म्हणत होती, आणि ती हाक मला नव्हती. मी जन्मभर बाळंतिणींच्या उशाशी उभी राहिले आहे, मला एवढं कळतं.

हे पत्र लिहिल्याचं तनयाला माहीत नाही.

आपली,
शालन ओव्हाळ


हडपसर
२ फेब्रुवारी

सुहासिनीताई,

आपलं पार्सल मिळालं. आत चिठ्ठी नव्हती, मी कागद उलटसुलट करून पाहिला. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात सदाशिव पेठ होतं, आणि त्या पेठेत मला पार्सल पाठवणारं दुसरं कोणी नाही.

बाळंतविडा उघडला. अंगडी, टोपडी, झबली, दुपटं. सगळं हाताने शिवलेलं, टोपड्याला निळ्या रेशमाची बारीक वेल. इतकं सुंदर काम मी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. पूर्वाला त्यातलं काहीही होत नाही. टोपडं तिच्या डोक्यावर नुसतं टेकतं, टोपीसारखं, आणि तेवढ्यानेच ती वाढदिवस असल्यासारखी खुश झाली.

ताई, डांबरगोळ्यांचा वास येत होता. घड्यांवर पिवळी रेघ पडली होती. हे कपडे काही आता शिवलेले नाहीत. हे जुलैत शिवलेत, तिच्या जन्माच्या वेळी, नाहीतर त्याच्याही आधी, कोणाकडून तरी कळल्यावर. आपण शिवलेत, कपाटात ठेवलेत, आणि माझं पत्र आल्यावर आहे तसेच काढून पाठवलेत. पोर कपाटाबाहेर वाढत राहते हे आपण विसरलात. जीवशास्त्राच्या बाईंकडून ही चूक व्हावी, याचं मला हसू आलं. मग हसू थांबलं.

नवीन शिवणार असाल तर डोक्याचा घेर बेचाळीस सेंटीमीटर आहे. बाह्या सैल ठेवा. बाही चढवताना ती मूठ गच्च मिटते. अशा वेळी ओढायचं नाही. मुठीच्या मागच्या बाजूवरून, मनगटाकडून बोटांकडे, आपलं बोट हलकेच फिरवायचं. मूठ आपोआप उघडते. तान्ह्या मुलांत हमखास उघडते, ही आता मोठी झाली तरी तिच्यावर अजून चालते. मी ही युक्ती नव्या नर्सेसना शिकवत आले.

त्या मुठीबद्दल तनयाने परवा एक सांगितलं. जन्मल्या जन्मल्या मूल आपलं बोट कसं आवळतं, आपणही पाहिलं असेल. ती पकड म्हणे आईच्या अंगावर केस होते तेव्हाची. वानराचं पिल्लू अजूनही आईच्या पोटाचे केस धरून लटकतं, म्हणून ती हात मोकळे ठेवून या फांदीवरून त्या फांदीवर जाऊ शकते. आपल्याकडे धरायला केस उरले नाहीत, पकड तेवढी उरली. म्हणून आपल्या पोराला दुसऱ्याने धरावं लागतं. मी इतकी वर्षं ती मूठ रोज पाहिली आणि असा विचार माझ्या डोक्यात कधी आला नाही.

टोपडं मी खालच्या खणात ठेवलं आहे. तनयाला अजून दाखवलेलं नाही.

आपली,
शालन


हडपसर
२० फेब्रुवारी

सुहासिनीताई,

सप्रेम जयभीम.

आपलं कार्ड आलं. "माप कळलं. विडा जुना होता याची कल्पना होती. गुडघ्यांचं पुढे ढकलू नये. सु. आगाशे." एवढंच. मी ते कार्ड फ्रिजवर लावणार होते, मग आठवलं की तनयाला दिसेल.

तनयाला दिसायचं ते दिसलंच. मी झोपले होते, पूर्वाने दुपटं ओलं केलं म्हणून तिने खालचा खण उघडला. मला जाग आली तेव्हा ती जमिनीवर बसली होती आणि टोपड्यावरची वेल बोटाने चाचपत होती. मला म्हणाली, "हा टाका आईचा आहे." तिने पूर्वाला पाजायला घेतलं आणि टोपडं मांडीवर तसंच राहू दिलं. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "अहो आई, तुम्ही तिला काय लिहिलंत?"

मी म्हटलं, माझे गुडघे गेलेत असं लिहिलं.

"एवढंच?"

"आणि वानरांचं."

त्यावर ती हसली. हसता हसता रडली, तेही लिहायला हवं. रोज स्वारगेटवरून जाते, आपलं घर तिथून किती जवळ. एकदा म्हणे ती वळून आपल्या गल्लीच्या तोंडापर्यंत आली होती. श्रीनिवासराव दूध घेऊन येताना दिसले, मग ती परत फिरली. हे तिने मला सांगितलं, आपल्याला सांगू नका असं म्हणाली नाही, म्हणून मी सांगते आहे.

तिच्या टोळीत एक वयस्क मादी आहे. टोळीपासून जरा लांब, एकाच दगडावर, सगळ्यांकडे पाठ करून बसते. पिल्लू घ्यायला जात नाही, कोणी आणून दिलं तर घेत नाही. पण टोळी हलली की हीही हलते, तेवढंच अंतर राखून. तनया सगळ्यांना नावं देते. हिचं नाव तिने "मॅडम" ठेवलंय. शाळेत मुली आपल्याला मॅडमच म्हणत ना? मी विचारलं तर म्हणाली, "योगायोग." आपली लेक आपल्यासारखीच बोलते.

डॉक्टरांकडे जाऊन आले. एप्रिलमधली तारीख देतो म्हणाले. मी होय म्हटलेलं नाही. आपलं उत्तर आलं की म्हणेन.

आपली,
शालन


हडपसर
९ मार्च

सौ. सुहासिनी आगाशे यांस,

आपलं पत्र मिळालं. प्रस्ताव समजला. तनयाने सकाळी जाता जाता पूर्वाला सदाशिव पेठेत सोडावं, संध्याकाळी येता येता न्यावं. वाटेवरच आहे, सोयीचं आहे. मी येण्याची गरज नाही, कारण तिसरा मजला आहे आणि लिफ्ट नाही.

फार नीट विचार केलेला दिसतो. पोरीला जागा आहे, पोरीच्या आईला दारापर्यंत जागा आहे. माझ्या मुलाचा उल्लेख पूर्ण पत्रात नाही. तो आपला जावई आहे.

मी आपल्याला या असं लिहिलं होतं. मूल पाठवते असं लिहिलं नव्हतं. हडपसरला येणाऱ्या बसेस पुष्कळ आहेत, आणि आमच्या इमारतीला लिफ्टही आहे.

पूर्वा येणार नाही. मी डॉक्टरांना नाही म्हणून कळवलं आहे. माझे गुडघे माझे मी बघेन.

शालन ओव्हाळ


हडपसर
२४ मार्च

सुहासिनीताई,

मागचं पत्र मी रागात लिहिलं. त्यातलं एकही वाक्य मागे घेत नाही, पण जे लिहिलं नाही ते आज लिहिते.

तनयाला सगळं कळलं. मी ऑपरेशन रद्द केलं ते, आणि का केलं तेही. ती संतापली, मग तिने फोन काढून माझ्यासमोरच तिच्या सरांना लिहायला घेतलं, की या महिन्याअखेर मी काम थांबवते. सौरभने तिच्या हातातून फोन घेतला. म्हणाला, "रविवारपर्यंत थांब ना यार. आईला एकदा साइटवर नेऊ. तिने अजून तुझी वानरं पाहिलीच नाहीत."

रविवारी गाडीने गेलो. खडकवासला मागे टाकलं आणि एका मोठ्या वडापाशी तनयाने गाडी थांबवायला सांगितली. मी गाडीतच बसले, पूर्वा मांडीवर, काच थोडी खाली. वडावर टोळी होती. एक पिल्लू, काळपट अंगाचं, गुलाबी तोंडाचं, आणि त्याच्यासाठी तीन माद्या रांगेत बसल्यासारख्या. खरंच देतात हो! एकीने घेतलं, कानात पाहिलं, बोटं उघडून पाहिली, जशी आपण पाहतो. त्यांची नखं आपल्यासारखीच आहेत. मग दुसरीने हात पुढे केला. बोटं पसरून, अगदी मागितल्यासारखा.

पूर्वा उन्हाने किरकिर करायला लागली. सौरभ म्हणाला, "आई, दे तिला इकडे, पाय मोकळे कर जरा." मी म्हटलं, असू दे. थोड्या वेळाने तनयाने हात पुढे केले. मी म्हटलं, असू दे ग, तू तुझं काम कर. रस्त्याच्या पलीकडे लाल तोंडाची माकडं होती, पर्यटकांनी टाकलेले मक्याचे दाणे वेचत. एका माकडिणीचं पिल्लू दोन पावलं चाललं, तशी तिने मान न वळवता त्याचं शेपूट धरून मागे ओढलं. तनयाने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"आई, रागावू नका," म्हणाली, "पण तुम्ही ती आहात."

सौरभ इतका हसला की समोरची माकडं पांगली. मी रागावले. काच वर करून घेतली. आणि पूर्वा मांडीवरच होती, हेही लिहिते.

ताई, तनया म्हणाली ते खरं आहे. माझी लेक पायल नोकरीतून सवड काढून वाघोलीहून येते, पूर्वाला घेते, तर माझे डोळे पूर्वावर असतात. दोन मिनिटांत मी म्हणते, भूक लागली असेल तिला, दे. मी आपल्याला बोलावलं ते मोठेपणाने. पोर माझ्याच घरात राहणार आणि आपण इथे येऊन, माझ्या नजरेसमोर तिला धरणार, हे मनात धरून. पोर आपल्या घरी जायची वेळ आली तेव्हा माझी मूठ मिटली.

पण ती नुसत्या मायेने मिटली नाही. आपल्याशी खोटं बोलायचं नाही, म्हणून लिहिते. ट्रेनिंगला असताना मी आपल्याच पेठांमध्ये एका घरी इंजेक्शन द्यायला जात असे. म्हाताऱ्या आजी होत्या, माझ्याशी प्रेमाने बोलायच्या. पाणी मागितलं की दारामागच्या खिळ्याला अडकवलेला एक कप काढायच्या. तो कप फक्त मला होता. मी पाणी प्यायले की धुऊन तोच खिळा. मी तिथे महिनाभर गेले आणि रोज तहान लागली तरी नंतर नंतर पाणी मागितलं नाही.

आपल्या घरात असा खिळा असेल असं मी म्हणत नाही. मला ठाऊक नाही. मी आपलं घर पाहिलेलंच नाही. पण पूर्वाला आता समजायला लागलं आहे. माणसाच्या डोळ्यांत पांढरं असतं म्हणे ते यासाठीच, आपण कुठे बघतो ते दुसऱ्याला कळावं म्हणून. बहुतेक वानर-माकडांचे डोळे गडद असतात, त्यांना लपवता येतं. आपल्याला येत नाही. मी जिकडे बघते तिकडे पूर्वा बघते. आपल्या घरात कोणी सौरभच्या नावावर, माझ्या नावावर, नुसतं एक क्षण जरी वेगळं बघितलं, तर ते तिच्या नजरेतून सुटणार नाही. बोलायला येण्याआधी ते तिला येईल. मला त्याची भीती वाटते. गुडघ्यांपेक्षा जास्त.

हे असं आहे. आता आपण ठरवा. तनयाने सरांना अजून लिहिलेलं नाही, महिनाअखेर आठवड्यावर आली आहे.

शालन


रुग्णालय, खाट खिडकीजवळची
१९ एप्रिल

विहीणबाई,

डब्यासोबत तुमची चिठ्ठी मिळाली. सुरुवातीला तुम्ही सप्रेम नमस्कार लिहिलंत. मी तो जयभीम म्हणून घेतला.

आता आपण आपण करणं पुरे. तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात उभ्या आहात, माझं मीठ कुठल्या बरणीत आहे ते तुम्हाला ठाऊक झालं, आता तुम्ही म्हणते. मुगाची खिचडी छान होती. तिखटाचा डबा वरच्या फळीवर मागे आहे, एवढ्यासाठी कळवते की तुम्हाला तो सापडलेला दिसत नाही.

दोन्ही गुडघे झाले. सकाळी वॉकर धरून दारापर्यंत गेले. इथली सिस्टर नवी आहे, सलाईन लावताना तिला शीर सापडेना, मी दाखवली. फार चांगली पोर आहे.

पडल्या पडल्या तोच दिवस आठवतो, तुम्ही आलात तो. मार्च संपायला एक दिवस होता. दुपारचं ऊन, बेल वाजली, दार उघडलं तर तुम्ही, हातात मोठी बॅग, आणि बॅगेतून डोकावणारी पाण्याची बाटली. खरं सांगू? ती बाटली पाहिली आणि मनात म्हटलं, आल्या, पण स्वतःचं पाणी घेऊन आल्या. तुम्ही आत आलात, बाटली काढून माझ्या हातात दिलीत, म्हणालात, "पन्हं आहे. गार करून ठेवा. मला आधी पाणी हवंय." आणि मी उठेपर्यंत तुम्ही सरळ स्वयंपाकघरात गेलात, माठावरचं झाकण काढलंत, तिथलाच पेला भरून उभ्या उभ्या प्यालात. मग दुसरा भरलात. तोही प्यालात. मग म्हणालात, "आमच्याकडे खिळा नव्हता. पण सासूबाई असेपर्यंत कप होता."

ते तुम्ही सांगितलंत म्हणून मला पुढे बोलता आलं. नसतं सांगितलंत तर मी ऐकूनही घेतलं नसतं. दोन पेले पाणी प्यायल्याने सगळं मिटलं असं मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणू नका. तीन वर्षं आहेत मध्ये. सौरभला तुम्ही "अहो जावईबापू" म्हणालात तेव्हा तो इतका घाबरला की उभाच राहिला. त्याला वेळ लागेल. मलाही लागेल. श्रीनिवासराव अजून आलेले नाहीत, पण काल फोन करून कुकरच्या किती शिट्ट्या हे त्यांनी विचारलं म्हणे, आणि फोन सौरभने उचलला होता, आणि त्यांनी ठेवला नाही. सौरभने तीन सांगितल्या. भाताचा गाळ झाला असणार.

तनया त्या संध्याकाळी दारात आली तेव्हाचंही आठवतं. दारातल्या तुमच्या चपला बघून ती तिथेच थबकली. तुम्ही पूर्वाला घेऊन बसला होता. मी म्हटलं आता काय होतंय. तीन वर्षांनी लेक आईला काय म्हणाली? "हात धुतलेस का तिला घेताना?"

आणि तुम्ही? "मी जीवशास्त्र शिकवायचे, तनया."

मग ती आली आणि तुमच्या खांद्यावर डोकं टेकवलं. तुम्ही दुसऱ्या हाताने तिच्या केसांत अडकलेली काडी काढलीत, मग आणखी एक काढलीत. वानरं तासन् तास तेच करतात, तिने मला दाखवलं होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि उगाच कुकर धुतला.

काल ती इथे आली होती, डोंगरातून थेट, कपड्यांना माती लागलेली. या महिन्यात टोळीत आणखी दोन पिल्लं झाली, मोसम संपेपर्यंत काम पुरं होईल म्हणाली. सरांना लिहायचं ते कधीच राहून गेलं. मी विचारलं, मॅडमचं काय? म्हणाली, अजून दगडावरच बसते. "आई, ती खरी वानर आहे. तिच्याकडून इतकी अपेक्षा नको." मला ते पटलं. तिला कोणी पत्र लिहीत नाही.

आता जे लिहायचं म्हणून हा कागद घेतला, ते.

दवाखान्यात निघायच्या सकाळी मी पूर्वाला तुमच्याकडे दिलं. नऊ महिन्यांची मुलं सवयीच्या माणसापासून सुटताना रडतात, मी सगळ्या आयांना सांगत आले की रडेल, तुम्ही मागे वळून बघू नका. ती रडली नाही. तुमचा चष्मा ओढायला सरळ तुमच्याकडे झेपावली. सौरभ खालून हॉर्न वाजवत होता. लिफ्टचं दार उघडून तनया उभी होती. आणि मी तिथेच. तुमच्या कडेवर पूर्वा, तिच्या अंगात तुम्ही शिवलेलं नवं अंगडं, आणि त्या अंगड्याचा काठ माझ्या मुठीत. मला वाटत होतं मी सोडलंय.

तुम्ही ओढलं नाहीत. उशीर होतोय म्हणाला नाहीत. पोर एका हातावर तोललीत, आणि दुसऱ्या हाताचं बोट माझ्या हाताच्या मागच्या बाजूवरून हलकेच फिरवलंत. मनगटाकडून बोटांकडे.

ते मी पूर्वासाठी लिहिलं होतं, विहीणबाई.

मला पुढच्या शनिवारी घरी सोडणार आहेत. दार उघडाल तेव्हा ती तुमच्याच कडेवर असू दे.

तुमची,
शालन